नगरपालिकेच्या गॅसखात्याला दंड ठोठावला, तर तो भरतं कोण?

दाबमापक • २ मार्च, २१:४०

मार्च उजाडला की माझा फोन थांबत नाही. १५ मार्चच्या आत प्रत्येक गॅस वितरकाने मागच्या वर्षाचा अहवाल वॉशिंग्टनला पाठवायचा असतो. जमिनीखाली किती मैल पाइप, त्यात पोलादी किती, प्लास्टिकचा किती, बिडाचा किती, गळत्या किती निघाल्या, खोदकामात किती वेळा पाइप तुटला, सगळं. मोठ्या कंपन्यांत याला स्वतंत्र विभाग असतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातली छोटी गावं. तिथलं गॅसखातं म्हणजे दोन-तीन माणसं, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी माणसंही तीच. त्यांना नियमाप्रमाणे कामाची पुस्तकं लिहून देणं आणि तपासनीस यायच्या आधी कागद लावून देणं हा माझा धंदा.

परवा मुंबईतल्या पाइप गॅसच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेत एक दणदणीत दंड ठोकतात आणि सगळे सुतासारखे सरळ होतात. तिथे उत्तर देत बसलो असतो तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा.

इथे घरोघरचा गॅस बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्या पुरवतात. पण सुमारे हजार ठिकाणी पाइप गावाच्या किंवा शहराच्या मालकीचे आहेत. त्यात सगळ्यात मोठी फिलाडेल्फिया गॅस वर्क्स. सॅन अँटोनियो, मेम्फिस, ओमाहा इथेही गॅस सार्वजनिक मालकीचाच. बाकीची बरीचशी नावं नकाशात शोधावी लागतील अशी.

नियम दोघांना एकच. १९६८ च्या गॅस पाइपलाइन सुरक्षा कायद्याखाली जे नियम झाले, त्यांच्या भाग १९२ मध्ये हे कुणाला लागू आहेत ते सुरुवातीलाच सांगून टाकलंय. माणूस, कंपनी, सहकारी संस्था यांच्या जोडीला राज्य आणि नगरपालिका असं स्पष्ट लिहिलंय. आमचं गाव लहान, आमच्याकडे माणसं कमी, ही पळवाट नाही.

नियम करते ती केंद्राच्या परिवहन खात्यातली संस्था. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांना आम्ही सगळे फिम्सा म्हणतो. राज्याच्या हद्दीतल्या पाइपांची तपासणी मात्र राज्याचे आयोग करतात. अलास्का आणि हवाई सोडून सगळी राज्यं यात आहेत. या कामाच्या खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र देऊ शकतं आणि त्या बदल्यात दर वर्षी राज्याच्या कामाचीही झडती घेतं.

तपासणीत काय बघतात याची थोडी चव देतो. दुकानं-कचेऱ्यांच्या वस्तीत गळतीचा सर्व्हे दर कॅलेंडर वर्षात एकदा, आणि दोन सर्व्हेंमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. बाकी वस्तीत ५ वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त ६३ महिने. पोलादी पाइप गंजू नये म्हणून त्याला वीजप्रवाह देणारे रेक्टिफायर वर्षातून ६ वेळा बघायचे, अडीच महिन्यांपेक्षा जास्त खंड नको. आणीबाणीत लागणारे व्हॉल्व्ह वर्षातून एकदा फिरवून बघायचे. हा १५ महिन्यांचा हिशोब कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. नुसतं 'वर्षातून एकदा' लिहिलं तर या वर्षी जानेवारीत आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात सर्व्हे उरकून दोन्ही वर्षांची हजेरी लावता येते. मध्ये २३ महिने गेले तरी नियम पाळलाच.

नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. "अहो, तो व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवलाय" हे चालत नाही. छोट्या गावांच्या बऱ्याच चुका इथेच निघतात आणि बाहेरच्याला तो कागदी छळ वाटतो. मला वाटत नाही. अशा गावांत व्हॉल्व्ह कुठे आहेत हे एकाच माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस कधीतरी निवृत्त होतो. डांबराचे थर चढत जातात. रात्री दोन वाजता गॅस बंद करायची वेळ आली की मग लोक पार्किंग उकरत बसतात.

चुका निघाल्या की लगेच दंड होत नाही. आधी तोंडी सांगतात, मग पत्र, पत्राला मुदतीत उत्तर, फेरतपासणी, तरीही तेच असेल तर नोटीस, सुनावणी, आणि मग दंडाचा आकडा. केंद्राच्या कायद्यातली कमाल मर्यादा महागाईबरोबर वाढत आज एका उल्लंघनाला दिवसाला अडीच लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. दोन-तीन माणसांच्या खात्याला तो आकडा कुणी लावत नाही.

आणि खरी मेख इथे आहे. खासगी कंपनीचा दर राज्याचा आयोग ठरवतो. त्यामुळे दंड करताना तो त्याच दमात सांगू शकतो की हे पैसे भागधारकांच्या खिशातून गेले पाहिजेत, ग्राहकाच्या बिलात घालायचे नाहीत. गावाच्या गॅसचा दर बहुतेक ठिकाणी गावची कौन्सिलच ठरवते, आयोगाच्या हातात फक्त सुरक्षेची बाजू. शिवाय गावाला भागधारक नाहीत. दंड गॅसखात्यातून जाणार, गॅसखात्यात पैसा बिलातून येणार. ज्या आजीबाईंच्या दारासमोरचा पाइप गंजलाय, दंडही त्यांनीच भरायचा. वर तेवढाच पैसा पाइप बदलायला कमी पडणार.

माझं मत असं की गावाच्या गॅसखात्याला दंडाचा धाक बसतच नाही. धाक बसतो महापौराच्या नावाने आलेल्या पत्राचा. ते सार्वजनिक असतं, कौन्सिलच्या बैठकीत निघतं, गावातला पेपर छापतो. दरवाढ नको म्हणून ज्यांनी पाइप बदलायचं काम पुढे ढकललं, त्यांना नावानिशी उत्तर द्यावं लागतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

सौदामिनी • २ मार्च, २२:१५

चांगला धागा, पण शेवटचा परिच्छेद पटला नाही. पत्राने कामं होत असती तर पुणं स्वर्ग झालं असतं. पेठांतल्या धोकादायक वाड्यांना पावसाळ्याआधी दर वर्षी नोटीस लागते. आमच्या शेजारच्या वाड्यात त्या नोटिशीच्या पाठीवर दुधाचा हिशोब लिहिलेला मी पाहिलाय.

---

दाबमापक • २ मार्च, २२:३१

@सौदामिनी, हाहा. फरक एवढाच की इथे पत्र लिहिणारा तपासनीस मुदत संपल्यावर परत येतो आणि तेच पान उघडतो. तुमच्याकडे नोटीस लावणाऱ्याला परत येऊन बघायची सक्ती नाही. सगळा खेळ त्या दुसऱ्या फेरीचा आहे.

---

खडूस_काका • २ मार्च, २३:०२

एवढं गुंतागुंतीचं करायचं कारण नाही. खात्याला दंड करूच नका, खातेप्रमुखाच्या पगारातून कापा. महापौराच्या मानधनातून कापा. एकदा चटका बसू दे. जनतेच्या पैशातून जनतेला दंड हा विनोद जगात सगळीकडे सारखाच दिसतो.

---

वांगीभात • २ मार्च, २३:१०

काकांना +१००

---

चार_बार • ३ मार्च, ०८:२०

मी भारतात शहर गॅस वितरणातच आहे (कंपनी सांगत नाही, नोकरी प्यारी आहे). आपल्याकडची चौकट थोडक्यात, कारण इथल्या निम्म्या लोकांना गॅस बंबवाल्यांच्या अखत्यारीत येतो असं वाटतं.

कायदा २००६ चा, त्याखाली पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, म्हणजे पीएनजीआरबी. देशाची तीनशेहून जास्त भौगोलिक क्षेत्रं पाडली आहेत आणि एकेक क्षेत्र एकेका कंपनीला. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल. तांत्रिक आणि सुरक्षा मानकांचे नियम २००८ चे, आपत्कालीन योजनेचे २०१० चे, पाइपांच्या एकूण तब्येतीची व्यवस्था कशी ठेवायची त्याचे २०१३ चे. तुमच्या रस्त्याखाली पिवळा किंवा नारिंगी एमडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) पाइप जातो त्यात ४ बारपर्यंत दाब असतो (बार हे दाबाचं माप), तो कमी करत करत शेगडीपाशी २१ मिलिबार. माझं टोपणनाव त्यावरूनच.

दंडाचं म्हणाल तर कलम २८ खाली एका उल्लंघनाला १ कोटी रुपयांपर्यंत आणि आदेशानंतरही चालू राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत. आकडे लहान नाहीत. पण मंडळाकडे स्वतःचे तपासनीस मोजके, म्हणून बरीचशी तपासणी यादीवरच्या त्रयस्थ संस्थांमार्फत होते. त्या संस्थेला कामावर लावते कंपनीच आणि बिलही कंपनीच भरते. बाकी समजून घ्या.

आणि हो, आपल्याकडे नगरपालिका गॅस विकत नाहीत, त्यामुळे धाग्यातला मूळ पेच आपल्याला लागू नाही.

---

बडोदेकर • ३ मार्च, ०९:०५

@चार_बार, थांबा थांबा. आमच्या बडोद्याला विसरलात! इथे १९७० च्या दशकापासून महापालिकेचाच गॅस होता. देशात बाकी शहरांत सिलिंडरची रांग होती तेव्हा आमच्याकडे पाइपने गॅस येत होता आणि बिल महापालिकेचं. अगदी अलीकडे, २०१३ मध्ये गेल गॅस आणि महापालिका यांनी मिळून वडोदरा गॅस लिमिटेड काढली आणि जाळं तिच्याकडे गेलं. महापालिका अजून त्यात भागीदार आहे.

म्हणजे पीएनजीआरबीने उद्या बडोद्यात दंड केला तर त्यातला वाटा अप्रत्यक्षपणे माझ्या घरपट्टीतूनच जाणार. पेच लागू आहे!

---

चार_बार • ३ मार्च, ०९:१२

@बडोदेकर, मान्य. बडोदं अपवाद, आणि जुना अपवाद. एक बघा मात्र, पाइप महापालिकेकडून संयुक्त कंपनीकडे गेले की दर आणि सुरक्षा दोन्ही हिशोब एका ताळेबंदात दिसतात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात गॅसखात्याची रक्कम दिवाबत्ती आणि उद्यानांच्या मध्ये हरवते. देखभालीला किती गेले ते बाहेरच्याला कळत नाही.

---

दक्षिण_फिली • ३ मार्च, १९:४८

धाग्यात माझ्या शहराचं नाव पाहिलं म्हणून लॉगिन केलं. दक्षिण फिलाडेल्फियात राहतो. १९ डिसेंबर २०१९ ला इथे रो-हाउसेसची रांग स्फोटाने कोसळली, दोन जण गेले. खाली १९२० च्या दशकातला बिडाचा मेन तडकला होता. आमच्या भागात एकेका भिंतीला दोन घरं टेकलेली असतात, त्यामुळे गॅस आणि आग कुणाच्या घरात शिरेल सांगता येत नाही.

दाबमापक यांनी लिहिलेलं इथे पूर्ण लागू होत नाही. २००० सालापासून फिलाडेल्फिया गॅस वर्क्सचा दरसुद्धा पेनसिल्व्हेनियाचा आयोग ठरवतो. पण मालक शहरच. आणि ज्या गोष्टीचा मला राग येतो ती अशी: शहर दर वर्षी या खात्याकडून १.८ कोटी डॉलर स्वतःच्या तिजोरीत घेतं. जमिनीखाली शेकडो मैल बीड अजून पडून आहे, ते काढायला ग्राहकाच्या बिलावर वेगळा अधिभार आहे, आणि तरी हे १.८ कोटी वर जातातच. नियामकाने दंड केला तर बातमी होते. मालकाने दर वर्षी काढून घेतलं तर ते अंदाजपत्रक.

---

खडूस_काका • ३ मार्च, २०:३०

बघा! मी काय म्हणत होतो. मालक कापतो, नियामक कापतो, मधल्या मध्ये पाइप तसाच. पगारातून कापा.

---

गंजलेला_खिळा • ३ मार्च, २२:०५

धातुशास्त्राची बाजू सांगतो, कारण 'जुना पाइप गंजला' हे वाक्य फार ढोबळ आहे.

बीड पोलादासारखं सोलून गंजत नाही. त्यातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि मागे ग्रॅफाइटचा सांगाडा राहतो. बाहेरून पाइप जागच्या जागी दिसतो, आकारही तोच, आत ताकद नाही. वर बीड ठिसूळ, वाकत नाही, सरळ तुटतं. थंडीत जमीन गोठून फुगली किंवा खालची माती वाहून गेली की पाइपाभोवती गोल आडवी चीर. म्हणून बिडाच्या मेनचे अपघात हिवाळ्यात जास्त. पेनसिल्व्हेनियातच ॲलनटाउनला ९ फेब्रुवारी २०११ ला ५ जण मेले, तो मेन १९२८ चा. ती कंपनी खासगी होती, यूजीआय.

आता दंडाच्या चर्चेसाठी त्या प्रकरणाचा शेवट बघा. दंड झाला ५ लाख डॉलर, एवढ्या मोठ्या कंपनीला किरकोळ. पण त्याच तडजोडीत १४ वर्षांत सगळं बीड काढायचं असं लिहून घेतलं. पाच लाखांनी एकही पाइप बदलला नाही, त्या १४ वर्षांच्या कलमाने बदलले. त्यामुळे मी दाबमापकांच्या पत्राच्याही पुढे जाईन. पत्र नको, दंडही नको, मैलांत मोजलेला आणि तारीख घातलेला आदेश हवा.

दुसरं उदाहरण नगरपालिकेचं पण उलट्या बाजूने. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२ मार्च २०१४ ला दोन इमारती पडल्या, ८ मेले. गॅस कंपनीचा प्लास्टिक पाइपचा सांधा नीट वितळवून जोडलेला नव्हता हे एक कारण. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दुसरं कारण शहराची सांडपाण्याची वाहिनी असं दिलं. तिला भगदाड होतं, ते शहराला निदान २००६ पासून ठाऊक होतं, आणि त्यातून माती वाहून जाऊन गॅसच्या पाइपाखालचा आधार गेला. गॅस कंपनीला गॅसच्या नियमांनी पकडता आलं. सांडपाण्याचं खातं पाइपलाइन सुरक्षेच्या नियमांत कुठेच बसत नाही.

---

सौदामिनी • ३ मार्च, २२:२०

@गंजलेला_खिळा, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. आमच्या रस्त्यावर एकाच चरात पाणी, ड्रेनेज, गॅस आणि चार कंपन्यांच्या केबल आहेत.

---

मीनल_हडपसर • ४ मार्च, ०७:५५

अनुभव लिहिते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीबाहेर केबलसाठी जेसीबी लावला होता. गॅसचा पाइप तुटला, शिट्टीसारखा आवाज, वास. वॉचमनदादांनी हुशारीने सगळ्यांना लिफ्ट आणि दिव्यांची बटणं दाबू नका म्हणून ओरडून सांगितलं. जेसीबीवाला इंजिन चालू ठेवून पळाला! गॅसची माणसं लवकर आली, पाइप चिमटा लावून बंद केला. मग सुरू झालं: ठेकेदार म्हणतो मला नकाशा दिला नाही, खोदकामाची परवानगी देणारं खातं म्हणतं परवानगीत अट घातली होती, गॅसवाले म्हणतात आम्हाला कुणी कळवलंच नाही. पोलिसांत अर्ज दिला, पुढे काही नाही. यात नक्की कुणाला दंड व्हायला हवा होता?

---

दाबमापक • ४ मार्च, १९:१०

@मीनल_हडपसर, तुमच्या वॉचमनदादांना माझा नमस्कार सांगा. इंजिन चालू ठेवून पळणारा सगळ्यात धोकादायक, त्या इंजिनची ठिणगी पुरते.

इथे खोदण्याआधी ८११ ला फोन करायचा, फुकट. हा देशभर एकच क्रमांक २००७ पासून आहे. फोन केला की ज्यांचे ज्यांचे पाइप-केबल तिथे आहेत ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, विजेला लाल. फोन न करता खोदलं तर दोष खोदणाऱ्याचा. फोन केला पण खूण चुकीची निघाली तर पाइपवाल्याचा. आणि खूण बरोबर असून तिच्या अगदी जवळ यंत्र लावलं तर परत खोदणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या तीन पक्षांपैकी कोण, हे फोनच्या नोंदीवरून ठरलं असतं. तरीही इथे दर वर्षी पाइप तुटतात, तो कायमचा त्रास आहे.

छोट्या गावात यात एक गंमत होते. खोदणारं पाणीखातं गावाचं, पाइप गॅसखात्याचा, तोही गावाचा. दोन्ही खात्यांचा साहेब एकच. "आपलाच पाइप आहे, फोन कशाला" म्हणून खोदतात. अशी उल्लंघनं मी पत्रांत वरचेवर वाचतो.

---

चार_बार • ४ मार्च, २०:०२

भारतात मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. दूरसंचार खात्याचं आहे, मूळ हेतू केबल वाचवणं, पण इतर पाइपवालेही जोडता येतात. मीनलताई, पुढच्या वेळी जेसीबी दिसला की ठेकेदाराला विचारा, ॲपवर नोंद केली का. आमच्याकडे फोन आला तर आमचा माणूस उभा राहतो, हे मी शपथेवर सांगतो. फोन येतच नाही.

---

खडूस_काका • ४ मार्च, २१:३३

सगळ्यांची मतं वाचली. माझ्या पगारकपातीला कुणी उत्तर दिलं नाही. का? कारण उत्तर नाही.

---

दाबमापक • ४ मार्च, २२:१८

@खडूस_काका, उत्तर आहे, लांब आहे म्हणून थांबलो होतो.

व्यक्तीवर कारवाई करायची तरतूद आहे, पण जाणूनबुजून आणि हेतुपुरस्सर नियम मोडला असं फौजदारी कोर्टात सिद्ध झालं तरच. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला ९ सप्टेंबर २०१० ला ८ जण मेले. २०१६ मध्ये ज्युरीने पीजी अँड ई कंपनीला ६ गुन्ह्यांत दोषी ठरवलं. दोषी ठरली ती कंपनी, तुरुंगात कुणी गेलं नाही. फौजदारी दंडाची कमाल मर्यादा ३० लाख डॉलर. राज्याच्या आयोगाने त्याआधीच १६० कोटी डॉलरची शिक्षा लावली होती, ती खरी लागली. आणि ती लागू शकली कारण भागधारक होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये १३ सप्टेंबर २०१८ ला मेरिमॅक खोऱ्यात जुना बिडाचा मेन बंद करताना त्याच्यावरच्या दाब मोजणाऱ्या नळ्या नवीन पाइपावर घ्यायच्या राहिल्या. यंत्राला वाटलं दाब पडतोय, ते गॅस ढकलत राहिलं. गावंच्या गावं पेटली, एक तरुण गेला. कोलंबिया गॅसने गुन्हा कबूल केला, ५.३ कोटी डॉलर भरले आणि राज्यातला धंदा विकून बाहेर पडली. खासगी कंपनीला राज्याबाहेर काढता येतं. गावाला गावातून कसं काढणार?

आता पगारकपात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एका गावात गॅसखात्याच्या प्रमुखाची जागा मागचं वर्षभर रिकामी आहे. पगार कमी, रात्री-अपरात्रीचे फोन, रँडम पद्धतीने अमली पदार्थांची चाचणी (ती दोन माणसांच्या खात्यालाही चुकत नाही), त्यात तुमची कपात आली तर अर्जच येणार नाहीत. वैयक्तिक जबाबदारी एका ठिकाणी मात्र आहे आणि ती मला फार आवडते. प्रत्येक कामासाठी माणूस पात्र आहे की नाही हे वेगवेगळं तपासतात: सांधा जोडणं वेगळं, मीटर बसवणं वेगळं, गळती शोधणं वेगळं. पात्रता गेली की त्या कामाला हात लावायचा नाही, महापौर कितीही ओरडला तरी.

@गंजलेला_खिळा, तारीख घातलेला आदेश बरोबरच. फक्त गावाकडे पैसे नसतील तर तो आदेशही कागदच. म्हणून मला २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातलं एक कलम महत्त्वाचं वाटतं. पाच वर्षांत १०० कोटी डॉलर, आणि ते फक्त नगरपालिकांच्या किंवा लोकसमूहाच्या मालकीच्या गॅस वितरकांना, नफ्यासाठी चालणाऱ्यांना नाही. धोकादायक पाइप बदलायला. हे मिळवायला अर्जात स्वतःच्या पाइपांची खरी अवस्था लिहावी लागते. वर्षानुवर्षं "सगळं ठीक" लिहिणारी गावं अचानक "आमचं फार वाईट आहे" लिहायला लागली. जुने आणि नवे अहवाल शेजारी ठेवून वाचायला मजा येते!

---

खडूस_काका • ४ मार्च, २२:४०

पात्रतेचा मुद्दा मान्य. बाकी मी माझ्या मतावर ठाम. भागधारक नाहीत म्हणता, मतदार आहेत ना? ज्यांनी दरवाढ हाणून पाडली त्यांना बसू दे भुर्दंड.

---

दक्षिण_फिली • ४ मार्च, २३:०५

@खडूस_काका, काका, स्फोटात गेलेले दोघेही मतदारच असणार. पाइप त्यांनी निवडला नव्हता.

---

झिपऱ्या • ५ मार्च, ०६:३०

थोडं अवांतर. गॅसचा वास नक्की कसला? आमच्या शाळेत गॅसला वास नसतो असं शिकवलं होतं.

---

चार_बार • ५ मार्च, ०८:१५

@झिपऱ्या, बरोबर शिकवलं. मिथेनला वास नाही. मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं रसायन मुद्दाम मिसळतात, सडक्या कोबीसारखा वास. टेक्सासमध्ये न्यू लंडन गावात १८ मार्च १९३७ ला शाळेखाली बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, जवळपास ३०० बळी, बहुतेक मुलं. त्यानंतर वास मिसळायची सक्ती आली.

---

दाबमापक • ५ मार्च, १९:२५

त्याला जोडून: इथे नियम असा की हवेत पेट घेण्याइतका गॅस जमायच्या पाचव्या हिश्शालाच सामान्य नाकाला वास आला पाहिजे. म्हणजे हवेत साधारण १ टक्का गॅस झाला की. आणि हेही ठरावीक काळाने तपासून नोंदवायचं. दुर्दैवाने वास आल्यावर फोन करायची सक्ती कुणावर नाही. हार्लेमला आदल्या रात्री काही लोकांना वास आला होता, कुणी कळवलं नाही.

---

रेवती_कॅरोलिना • ५ मार्च, २१:५०

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. आमच्या गावचं गॅसबिल गावाकडूनच येतं, हे मला हा धागा वाचून लक्षात आलं. पाणी, कचरा, गॅस एकाच कागदावर. पुढच्या मंगळवारी टाउन कौन्सिलची बैठक आहे, नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं. काय विचारू? माझा विषय गॅस नाही, मी शाळेत शिकवते.

---

दाबमापक • ५ मार्च, २२:२२

@रेवती_कॅरोलिना, विषय माहीत नसला तरी चालेल. बैठकीच्या आधी गावच्या क्लार्ककडे दोन कागद मागा: राज्याच्या आयोगाने केलेल्या शेवटच्या तपासणीचं पत्र आणि गावाने त्याला दिलेलं उत्तर. सार्वजनिक कागद आहेत, कारण सांगावं लागत नाही. वार्षिक अहवालाचे आकडे फिम्साच्या संकेतस्थळावर असतात, तिथे गावाच्या नावासमोर बीड आणि गंजापासून संरक्षण नसलेलं पोलाद किती मैल आहे ते बघा, आणि पाच वर्षांपूर्वीचा आकडाही.

मग तीन मिनिटांत एकच प्रश्न. पाच वर्षांत हे मैल किती कमी झाले, आणि त्याच पाच वर्षांत गॅसखात्यातून गावाच्या सर्वसाधारण निधीत किती डॉलर गेले? दुसरा आकडा वित्त अधिकाऱ्याकडे असतो. ते "पुढच्या बैठकीत सांगतो" म्हणतील. तेव्हा हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या एवढं म्हणा आणि बसा.

---

गंजलेला_खिळा • ५ मार्च, २२:३०

आणि संरक्षण नसलेलं पोलाद निघालं तर त्या भागात गळतीचा सर्व्हे ५ नाही, ३ वर्षांनी करायचा असतो. शेवटचा कधी झाला तेही विचारा.

---

रेवती_कॅरोलिना • ५ मार्च, २२:४१

लिहून घेतलं. क्लार्कला आत्ताच मेल टाकली. उत्तर आलं की इथेच टाकते.

---

खडूस_काका • ५ मार्च, २२:५५

मेलमध्ये महापौरांचं मानधन किती तेही विचारायचं राहिलं.